हार्डवेअर रेड म्हणून गळ्यात मारलेलं कार्ड

आमच्या छापखान्याच्या लिनक्स सर्व्हरसाठी विक्रेत्याने कोटेशनमध्ये ‘हार्डवेअर रेड कार्ड’ असं स्पष्ट लिहिलं आणि पैसेही त्याच दराने घेतले. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायची सोय; हार्डवेअर रेडमध्ये ते काम कार्ड स्वतः करतं. डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्याच्याच माणसाने टाकून दिलं. मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन डिस्कचं मिरर (एकच माहिती दोन्हींवर लिहिण्याची व्यवस्था) ‘नॉर्मल’ असल्याचं रोज दिसायचं. मग पहिली डिस्क गेली. दुसरी उघडून पाहिली तर कोरी करकरीत, गिऱ्हाइकांची एकही फाइल तिच्यावर नाही. रोज रात्री दुसऱ्या मशीनवर बॅकअप जात होता, म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावलं.

असल्या मालाला ‘फेक रेड’ म्हणतात. कार्ड डिस्कवर मिररची फक्त नोंद करून ठेवतं. खरं काम ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, करतो, तेही कॉम्प्युटरच्याच प्रोसेसरवर. आमच्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजपुरताच होता. लिनक्सला दोन सुट्या डिस्क दिसल्या आणि त्याने सगळं एकीवरच लिहिलं. पडदा मात्र जुनी नोंद वाचून ‘नॉर्मल’ म्हणत राहिला. विक्रेत्याने हात वर केले: “लिनक्समुळे झालं हो, विंडोज घ्यायला हवं होतं.” हे साफ खोटं आहे. खऱ्या हार्डवेअर रेडमध्ये लिनक्सला दोन डिस्कची मिळून एकच डिस्क दिसते.

म्हणून ताबा घेण्याआधी विक्रेत्यासमोर ‘एलएसबीएलके’ (lsblk) ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवा. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दिसल्या आणि खाली ‘एमडी’ने (md, लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड) सुरू होणारं नाव नसलं, तर पैसे देऊ नका. ‘एलएसपीसीआय’ (lspci) या बसवलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या कमांडवर विसंबू नका, त्यात फेक कार्डही ‘रेड कंट्रोलर’ म्हणून मिरवतं. मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि उरलेल्या डिस्कवर ते सुरू होतं का पाहा, मग ती परत जोडून मिरर पुन्हा पूर्ण जुळू द्या आणि दुसरीची काढून पाहा. खऱ्या कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो, बहुधा मेमरीही, आणि वीज गेली तर त्या मेमरीतलं राखायला बॅटरी किंवा कपॅसिटर. सतत लिहिणाऱ्या मोठ्या डेटाबेसला असं कार्ड उपयोगीही पडतं.

दोन डिस्कच्या मिररला एमडी चालवणारं लिनक्सचं फुकटचं ‘एमडीएडीएम’ (mdadm) पुरतं, असं माझं ठाम मत आहे. हार्डवेअर कार्ड जळलं तर बहुतेकदा त्याच जातीचं दुसरं शोधावं लागतं. एमडीच्या डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, ओळखल्या जातात.

विक्रेत्याने अजून पैसे परत केलेले नाहीत. कोटेशन जपून ठेवलं होतं, त्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तुम्ही बिलावर कार्डाचा मॉडेल नंबर लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं ‘कार्ड’ लिहिलंय आणि तो आता त्याचंच भांडवल करतोय.