कोल्डप्ले, नेरूळ, 18 जानेवारी 2025: एका साउंडवाल्याच्या कानांनी

सुरुवात आवाजापासून करतो, कारण माझा धंदाच तो आहे. ठाण्यात ऑर्केस्ट्रा, एकांकिका स्पर्धा, लग्नातले संगीताचे कार्यक्रम, गणपती-नवरात्र, सगळीकडे मी साउंड देतो. गडकरी आणि घाणेकर ही दोन्ही नाट्यगृहं मला कोपऱ्यान् कोपरा माहीत आहेत. बेस कुठे साचतो, कुठल्या रांगेत शब्द विरून जातात, हे मी डोळे मिटून सांगेन. त्यामुळे कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या शोला त्या शनिवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसल्यावर मी पहिल्यांदा एकच गोष्ट तपासली. आपण वरच्या मजल्यावर, स्टेजपासून जवळजवळ सगळ्यात लांबच्या टोकाला आहोत. इथे गाणाऱ्याचा शब्द कळतो का?

कळला. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीपासून कळला. नंतर बँडचा गायक ख्रिस मार्टिन पियानोवर एकटा बसून 'द सायंटिस्ट' गायला लागला, तेव्हा त्याने ओळींच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा वर येत होता. हजारो माणसं त्याच्याबरोबर गात असताना हे करणं किती कठीण आहे, ते आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा.

ज्यांना हा दौरा म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' हा त्यांचा अल्बम ऑक्टोबर 2021 मध्ये आला आणि त्याच नावाचा जागतिक दौरा मार्च 2022 मध्ये कोस्टा रिकातून सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये तो चालूच होता. मध्ये 4 ऑक्टोबर 2024 ला 'मून म्युझिक' हा दहावा अल्बम आला, म्हणजे तेव्हापासून दौरा दोन्ही अल्बमचा झाला. नेरूळला 18, 19 आणि 21 जानेवारी असे तीन शो, मग 25 आणि 26 ला अहमदाबाद. याआधी ते 2016 च्या नोव्हेंबरमध्ये बीकेसीच्या मैदानावर एका मोठ्या महोत्सवात वाजवून गेले होते, पण तो सगळ्यांचा मिळून कार्यक्रम होता. पूर्ण लांबीचा, त्यांच्या स्वतःच्या मांडणीचा शो इथे पहिल्यांदाच झाला.

तिकिटाची कथा सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये ऑनलाइन रांगेत एक कोटीच्या वर लोक होते, आणि नंतर काळ्या बाजारात जे आकडे ऐकू आले ते लिहायचीही इच्छा नाही. आम्हाला मिळालं ते भाचीमुळे. या दौऱ्यात प्रत्येक शोसाठी थोडी 'इन्फिनिटी' तिकिटं ठेवली होती, किंमत तेव्हा साधारण दोन हजार रुपये, जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठली ते त्या दिवशी तिकीट हातात पडल्यावरच कळतं. अगदी पुढे उभं राहायला मिळू शकतं किंवा अगदी वर. आम्हाला वर मिळालं. भाची जरा खट्टू झाली होती. मी तिला म्हटलं, "अगं, पुढे चांगलं ऐकवणं कुणालाही जमतं. शेवटच्या रांगेत काय ऐकू येतं, त्यावर साउंडवाल्याची परीक्षा असते."

आता त्या परीक्षेबद्दल जरा सविस्तर, कारण याबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही.

आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला ड्रमचा ठोका सुमारे 0.29 सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 'क्लॉक्स'ची लय मिनिटाला 130 च्या आसपास ठोक्यांची आहे, म्हणजे दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर. त्या हिशेबाने मागचा माणूस अर्ध्या ठोक्यापेक्षा जास्त मागे पडतो. मागे जादा स्पीकर लावले आणि त्यांना स्टेजबरोबरच आवाज सोडला, तर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. आधी जवळच्या स्पीकरचा, मग स्टेजकडून आलेला. आपल्याकडच्या मैदानांवर पुढाऱ्यांची भाषणं अशीच ऐकू येतात, प्रत्येक शब्दाला शेपूट. त्यावर उपाय म्हणजे मागच्या स्पीकरना तेवढाच उशीर मुद्दाम द्यायचा, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र पोहोचतात. यंत्रात आकडा भरायला मिनिट लागतं. पण तो आकडा प्रत्येक भागासाठी वेगळा काढायचा, संध्याकाळी हवा थंड झाली की पुन्हा जुळवायचा, आणि मैदान रिकामं असताना केलेलं सेटिंग माणसं भरल्यावर परत तपासायचं, याला चिकाटी लागते. शनिवारी मला एकही शेपूट ऐकू आलं नाही.

दुसरी गोष्ट बेसची. आपल्याकडे बेस म्हणजे छातीवर आपटणारा धपका, हे समीकरण डीजेच्या गाड्यांनी पक्कं करून टाकलंय. इथे गाय बेरिमनची बेस गिटार प्रत्येक सुरासह ऐकू येत होती; नुसता हादरा नव्हता, सूर होता. आवाज मोठा होता, खूप मोठा होता. मी कानात प्लग घालूनच गेलो होतो, भाचीलाही दिले होते. पण फाटलेला कुठेच नव्हता. डोकं न दुखता बाहेर पडलो. गणपतीच्या मिरवणुकीत पाच मिनिटं उभं राहिल्यावर काय होतं ते ठाण्यात कुणालाही सांगायला नको. मला हे मनापासून सांगायचंय, विशेषतः माझ्या धंद्यातल्या तरुण पोरांना: स्पीकरच्या बॉक्सची भिंत उभी केली म्हणजे आवाज चांगला होत नाही. सगळ्यांपर्यंत सारखा पोहोचला तर तो चांगला.

वाजवण्याबद्दल. 1997 च्या सुमारास लंडनमध्ये कॉलेजात एकत्र आलेले हे चौघे आजही तेच चौघे आहेत, आणि ते ऐकू येतं. जॉनी बकलंड गिटारवर कधीच गर्दी करत नाही. दोन-तीन सुरांची ओळ घेतो आणि तीच गाण्याचा चेहरा होऊन जाते. 'यलो'ची सुरुवात वाजली तेव्हा हे पुन्हा पटलं. विल चॅम्पियन माझ्यासाठी त्या रात्रीचा खरा माणूस. 'व्हिवा ला विडा'त तो नेहमीचा ड्रमसेट बाजूला ठेवून मोठा नगाऱ्यासारखा टिंपनी आणि घंटा वाजवतो. इतकी कमी वाद्यं, आणि अख्खं स्टेडियम उड्या मारतंय. 'क्लॉक्स'च्या पियानोबद्दल तबला शिकलेल्यांनी एक गोष्ट करून बघा. ती धून आठ मात्रांत तीन-तीन-दोन अशी विभागलेली आहे. हाताने केरवा धरा आणि त्यावर ती ऐका. बोट दर वेळी अनपेक्षित जागी पडतं आणि समेवर बरोबर घरी येतं. वीस वर्षांहून जुनं गाणं, अजून शिळं होत नाही त्याचं कारण माझ्या मते हेच.

नव्या अल्बममधल्या गाण्यांवर मात्र माझं मन बसलं नाही. त्यात आधी रेकॉर्ड करून ठेवलेले थर जास्त आहेत, आणि ते थर चालू झाले की समोरचे चार वादक एकदम लहान वाटायला लागतात. भाचीचं मत अगदी उलट. तिला 'फील्सलाइकआयॅमफॉलिंगइनलव्ह' तोंडपाठ होतं आणि ती शेवटपर्यंत उभी राहून गायली. तिच्या वयाचे सगळेच गात होते. तेव्हा माझं हे मत फक्त एका कानाचं समजा.

मनगटावरच्या पट्ट्यांबद्दल सगळेच लिहितायत, तरी मी थोडं लिहिणार. आत शिरताना प्रत्येकाला एक पांढरी पट्टी देतात. वनस्पतीपासून बनवलेल्या, खतात मिसळू शकणाऱ्या पदार्थाची, आत छोटे दिवे. गाण्याप्रमाणे कंट्रोलवरून त्यांचे रंग बदलतात. 'यलो'ला अख्खं स्टेडियम पिवळं. वर बसण्याचा फायदा इथे कळला. खाली उभे असलेले त्या पिवळ्याचा भाग होते, आम्हाला तो पूर्ण दिसला. पण साउंडवाल्याच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसली. प्रकाशाला उशीर होत नाही, आवाजाला होतो. त्यामुळे जलद गाण्यांत माझ्या पट्टीची उघडझाप ठोक्याच्या किंचित आधी व्हायची. संथ गाण्यांत ते जाणवत नाही, कारण तिथे रंग हळूहळू पसरत जातात. 'फिक्स यू'ला तर असं वाटलं की उजेड आवाजाच्या पुढे चालत येऊन वाट दाखवतोय.

निघताना पट्टी परत द्यायची असते. ती धुऊन, चार्ज करून पुढच्या गावी वापरतात. प्रत्येक शहराने किती टक्के परत केल्या ते स्क्रीनवर दाखवतात. आमच्या पुढे एक काका-काकू होते, काकूंना पट्टी नातवासाठी न्यायची होती. काका म्हणाले, "अगं, नवी मुंबईचं नाव खाली जाईल." काकूंनी काढून डब्यात टाकली. नव्या अल्बमच्या रेकॉर्ड्सही प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून बनवल्यात, एका तबकडीला नऊ बाटल्या. दौऱ्यात प्रेक्षकांनी नाचून वीज तयार होईल अशी जमीन आणि पायडल मारायच्या सायकली ठेवतात, आणि प्रत्येक तिकिटामागे एक झाड लावतात. एवढ्या मोठ्या दौऱ्याच्या विमानप्रवासापुढे हे किती पुरतं, असा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्यांनी 2016-17 च्या दौऱ्याशी तुलना करून प्रदूषणाचे आकडे स्वतःहून जाहीर केलेत, याचा मी आदर करतो. आमच्या धंद्यात रात्रभर डिझेलचा जनरेटर चालतो, त्याचा हिशेब कोण ठेवतं?

या दौऱ्यातली मला सगळ्यात भावलेली सोय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी ते अंगात घालायचं जॅकेटसारखं यंत्र ठेवतात; त्यातून बेस पाठीवर आणि छातीवर थरथरत जाणवतो. सांकेतिक भाषेत गाणं सांगणारी माणसंही असतात. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेपासून गणेशोत्सवापर्यंत कुठेतरी हे सुरू व्हावं असं मला फार वाटतं. यंत्र मिळणं अवघड नाही, कुणीतरी मागणी करायला हवी.

'अ स्काय फुल ऑफ स्टार्स'ला मार्टिनने गाणं मध्येच थांबवलं आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले. फक्त एका गाण्यापुरतं. माझ्या रांगेतल्या कुणाचाच हात वर राहिला नाही. मग जे झालं ते फोनवरच्या कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही, म्हणून त्याबद्दल एवढंच. बाकी गप्पा छान होत्या. जसप्रीत बुमराहचं नाव त्याने घेतलं तेव्हा जो गलका उठला, तो आवाजाच्या मीटरवर बघायला मिळायला हवा होता.

खाण्यापिण्याचं नियोजन मात्र कच्चं होतं. स्टॉलवर रांगा इतक्या लांब की पाणी आणायला गेलेला माणूस दोन गाणी चुकवून परत यायचा. शो दहाच्या आसपास संपला, नियमाला धरून, हे उत्तम. पण नंतर जिन्यांवर सगळे एकाच वेळी आले आणि कुठल्या बाजूने उतरायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

डी. वाय. पाटीलला पुढे कधी असा शो बघायला जाणार असाल तर काही गोष्टी. ठाण्याहून गाडी काढू नका, ट्रान्स-हार्बरने नेरूळ किंवा जुईनगरला उतरा आणि चालत जा. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. कानाचे प्लग नक्की न्या, औषधाच्या दुकानात मिळतात, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी कानावर बसणारे मोठे घ्या. पोट भरून जा. उभं राहण्याचं तिकीट असेल तर स्टेजच्या कठड्याला चिकटण्यासाठी धडपडू नका. मैदानात जिथे साउंडचा कंट्रोल उभा केलेला असतो, त्याच्या जरा पुढे जागा धरा. मिक्सिंग करणारा माणूस जे ऐकून आवाज जुळवतो, जवळजवळ तेच तुम्हाला ऐकू येईल. शिवाय कोल्डप्लेच्या शोला शेवटाकडे बँड वाजवायला आला ते मागचं छोटं स्टेजही तिथून लांब नव्हतं. वरचं तिकीट असेल तर शक्यतो मधल्या भागात बसा. छताच्या अगदी खाली बेस थोडा जास्त जमतो, कुठल्याही छताखाली जमतोच.