मालवण बाजारपेठ, नारळी पौर्णिमा: दुकानांची सजावट बघाच

नारळी पौर्णिमेला मालवणात सगळे बंदरजेटीकडे पळतात, मानाचा नारळ समुद्राला अर्पण होताना बघायला आणि मग नारळ लढवायला (नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला), पण यंदा बाजारपेठेतल्या दुकानांनीच असली भारी सजावट केलेली की आमचा अर्धा वेळ तिथेच गेला.

एक नंबर म्हणजे जाळी-दोरीचं दुकान. दारात अख्खा सिंधुदुर्ग किल्ला, तो पण नायलॉन दोरीच्या बंडलांचा! तटबंदी हिरव्या दोरीची, बुरूज म्हणजे जाळ्याचे फ्लोट एकावर एक, खाली निळं जाळं पसरून समुद्र. महादरवाजा मुद्दाम दोन बुरुजांच्या आड ठेवलेला, समोरून दिसतच नाही, खऱ्या किल्ल्याचा पण असाच लपवलाय ना, हे ज्याला सुचलं त्याला सलाम. एवढी दोरी वाया गेली असेल असं म्हटलं तर मालक हसले, "खयच कापूक नाय, हीच इकूची आसा." आणि खरंच, १ ऑगस्टपासून मासेमारी चालू झालेली, आमच्यासमोर एक होडीवाला येऊन फ्लोट घेऊन गेला आणि किल्ल्याचा एक बुरूज गायब 😄

छत्रीवाल्याने दशावतारी नाटकातला संकासुर राक्षस केलेला, अंगाला छत्रीचं काळं कापड, लाल जीभ लोंबतेय, पोरं घाबरत पण होती आणि परत परत तिथेच जात पण होती. पाऊस आला तरी त्याला काय फरक पडणार, अंगावर छत्रीच! खाजेवाल्याने काय वेगळं केलं नव्हतं, नुसतं तोरण, पण खाजं (गूळ-आल्याच्या पाकातल्या बेसनाच्या कांड्या) ताजं आणि त्यातलं आलं झणझणीत, त्यामुळे माफ.

एका मोठ्या शोरूमने मात्र भाड्याने आणलेलं थर्माकोलचं गलबत लावलेलं. अहो, राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे ना? वर श्रावणातली एक सर आली आणि रंग ओघळून पायरीवर. बाजूला शुभेच्छुकांच्या फोटोंचा फ्लेक्स, त्यात गलबत शोधावं लागत होतं. पैसा सगळ्यात जास्त यांनीच घातला असणार.

जायचं असेल तर मिरवणुकीच्या आधी जा, नंतर गर्दीत फोटो पण काढता येत नाही. गाडी बाजारात अजिबात घालू नका, रस्ता अरुंद आहे, लांब लावून चालत या. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला त्या फ्लेक्ससाठी.