जांभा, कौले, शहाबादी आणि एकच यंत्र: बाह्य सफाईच्या एका सेवेविषयी

गेल्या ऑक्टोबरात, पाऊस पुरता उघडल्यावर आणि दिवाळीला दोन आठवडे उरलेले असताना, रत्नागिरी तालुक्यातील आमचे गावचे घर बाहेरून धुऊन घेण्यासाठी आम्ही शहरातील एका व्यावसायिक सेवेला बोलावले. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात उन्हाला पारखी झालेली प्रत्येक भिंत चार महिन्यांत हिरवी आणि पुढे काळी पडते, त्यामुळे सफाई हा हौसेचा विषय राहत नाही. आमच्या घराची अडचण अशी की ते एका जातीच्या सामानाचे नाही. जोते आणि पडवीचे खांब उघड्या चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, वरच्या भिंती सिमेंटच्या गिलाव्यावर रंगवलेल्या, छप्पर मंगळुरी कौलांचे, पायऱ्या शहाबादी फरशीच्या आणि अंगणात अलीकडे बसवलेले पेव्हर ब्लॉक. सेवेने मात्र या सगळ्याला मिळून चौरस फुटाला ६ रुपये असा सरसकट दर सांगितला. पुढे जे काही बिघडले त्याचे मूळ मला या एकाच दरात दिसते, कारण दर एक असला की काम करणाऱ्याला जी पद्धत सर्वांत लवकर उरकते तीच तो सगळीकडे चालवतो.

ही लवकर उरकणारी पद्धत म्हणजे प्रेशर वॉशर. घरगुती नळाच्या पाण्याला फार तर दोन-चार बार दाब असतो, तर अशा यंत्रातून ते शंभर बारच्या पुढे जाऊन बाहेर पडते. नोझल कोणते लावले आणि ते पृष्ठभागापासून किती अंतरावर धरले, यावर तो दाब सफाई करतो की खरवडतो हे ठरते. लाल नोझलचा झोत सुईसारखा सरळ येतो, पिवळ्याचा १५ अंशांत, हिरव्याचा २५ अंशांत आणि पांढऱ्याचा ४० अंशांत पसरतो. आलेल्या तिघांपैकी दोघांना हे रंग ठाऊक होते. तिसऱ्याच्या हाती यंत्र गेले तेव्हा पिवळे नोझल लावलेले होते आणि समोर पडवीचा खांब होता.

जांभा खाणीत ओला असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्या हवेत राहून टणक होतो. म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हावाऱ्याने त्याच्यावर जी कडक पापडी धरलेली असते तीच त्याचे खरे संरक्षण असते. आत तो सच्छिद्र आणि त्या मानाने मऊच असतो. वीतभर अंतरावरून पिवळा झोत बसताच शेवाळ गेले, पण जोत्यावरून वाहू लागलेले पाणी हिरवे नव्हते, विटकरी लाल होते. मी थांबायला सांगितले तेव्हा मुलगा मनापासून म्हणाला, “काका, अजून थोडं प्रेशर वाढवलं की एकदम नवा दिसेल.” तो नवा दिसतच होता, कारण त्याची पापडी निघून गेली होती. दोन चिऱ्यांमधल्या दरजांतला चुनाही बोटभर खोल उडाला आणि तो पुन्हा भरण्यासाठी गवंडी लावावा लागला. उघड्या चिऱ्याला काथ्याचा ब्रश, साधे पाणी आणि दोन माणसांचा एक दिवस इतकेच लागते. उरलेले खांब आम्ही स्वतः तसेच धुतले.

रंगवलेल्या भिंतींवर मात्र या सेवेने सुरेख काम केले, आणि ते यंत्राविना केले. त्यांच्या मुकादमाने बाजारात मिळणारे दहा-बारा टक्क्यांचे हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दहापट पाण्यात पातळ केले, त्यात थोडा द्रव साबण घातला आणि पाठीवरच्या फवारणी पंपाने ते भिंतीवर खालून वर मारत नेले. वरून खाली मारले तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांचे पट्टे कायमचे उमटतात, हे त्याने न विचारता सांगितले. दहा-पंधरा मिनिटांनी, औषध वाळण्यापूर्वी, साध्या पाइपाने वरून खाली धुतले. शेवाळ नुसते उडवण्यापेक्षा ते मुळापासून मारणे महत्त्वाचे असते, आणि या भिंती पुढच्या जूनपर्यंत स्वच्छ राहिल्या. फवारणीपूर्वी आणि नंतर त्याने तुळशीवर आणि जास्वंदीवर भरपूर पाणी ओतले, खिडक्यांचे लोखंडी गज लगेच धुऊन काढले. असा माणूस ज्या सेवेत आहे तिला सरसकट नावे ठेवणे मला जमत नाही.

एका भिंतीला मात्र धुणे हाच चुकीचा उपाय होता. न्हाणीघरामागच्या भिंतीला लोणा लागला आहे, म्हणजे आतल्या ओलाव्याबरोबर क्षार बाहेर येऊन पांढरी भुकटी साचते. पाणी मारताच ती विरघळून दिसेनाशी झाली, आणि आठ दिवसांत पूर्वीपेक्षा दाट उगवली. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि ओल कुठून येते ते शोधावे. आमच्याकडे ती गळक्या पाइपातून येत होती.

कौलांवर यंत्र चढवण्याचा बेत मी शिडी लागण्यापूर्वीच मोडला. कौले एकमेकांवर अशी बसतात की वरून पडलेले पाणी पागोळीकडे घरंगळते. खालून किंवा आडवा जोराचा झोत आला तर ते पाणी सांध्यांतून उलटे आत शिरून कौलांखालच्या लाकडी रिपा भिजवते. भट्टीत भाजलेल्या मातीचा वरचा घट्ट थरही त्याने झिजतो आणि मग कौल अधिक पाणी पिते. तरी एकजण हायपो फवारायला वर गेलाच आणि दोन कौले त्याच्या पायाखाली तडकली. शिडीवरूनच मारलेल्या भागातील शेवाळ चार दिवसांत तपकिरी होऊन सुकले आणि नंतर आपोआप झडले.

पेव्हर ब्लॉक हे या यंत्राचे खरे क्षेत्र. हिरवे नोझल, दोन फुटांचे अंतर आणि थोडा तिरपा हात, एवढ्यावर अंगणाचा मूळ करडा रंग तासाभरात परत आला, पावलेही निसरायची थांबली. फटींतली वाळू वाहून गेली ती भरून देणे त्यांच्या कामात बसत नव्हते. ती आम्ही नंतर खराट्याने भरली. सगळे मिळून हजार लिटरची टाकी दोनदा रिकामी झाली, तेव्हा विहिरीला पाणी असल्याखेरीज हे काम काढू नये.

माझी सर्वांत गंभीर तक्रार पायऱ्यांविषयी आहे. शहाबादीवरचा गंजाचा डाग काढण्यासाठी एकाने संडासात वापरतात ते ॲसिड ओतले. ही फरशी चुनखडकाची असते, त्यामुळे जो फेस आला तो मळाचा नव्हता, दगडच विरघळत होता. आता तिथे ताटाएवढा खरखरीत, पांढुरका चट्टा आहे. त्याहून वाईट म्हणजे ॲसिडची बाटली हायपोच्या डब्याला टेकून ठेवलेली होती. ही दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि मुकादम त्या वेळी घरामागे होता.

पुढच्या ऑक्टोबरात मी याच सेवेला अंगण आणि रंगीत भिंती यांपुरते बोलावणार आहे, दर पृष्ठभागानुसार वेगळा ठरवून आणि मुकादम स्वतः हजर राहील या अटीवर. कौलांचे काम मे महिन्यात ती उतरवून पुन्हा रचायला येणाऱ्या गावातल्या माणसाकडे दिले आहे; तो एकेक कौल खाली उतरवून नारळाच्या काथ्याने घासतो आणि चालताना पाय कुठे ठेवायचा ते त्याला कळते.