चौदा महिने ‘डायरेक्ट सेलिंग’ केलं, त्याचा वहीतला हिशेब

मी मिरजेत राहते, घरी ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी पाडव्यानंतर एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची, म्हणजे दुकानाऐवजी ओळखीपाळखीतून माल विकणाऱ्या आणि आपल्याखाली आणखी विकणाऱ्या जोडायला सांगणाऱ्या कंपनीची, डिस्ट्रिब्युटर झाले आणि यंदा जूनमध्ये बाहेर पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला बोलायचंय ते विकण्याच्या या पद्धतीबद्दल.

आधी मालाचं सांगते. भांडी घासायचा जेल खरंच चांगला आहे. पाणी घालून वापरला तर आमच्या चौघांच्या घरात एक बाटली दोन महिने पुरते आणि हाताची आग होत नाही. टूथपेस्ट दुकानातल्यासारखीच, किंमत मात्र दीडपट. प्रोटीन पावडरचा अर्ध्या किलोचा डबा १,६५० रुपयांना. चव बरी आहे, पण एवढ्या पैशांत घरात महिनाभर डाळ, शेंगदाणे आणि अंडी येतात. मीटिंगमध्ये स्टेजवरून सांगायचे की पावडरीनं शुगर उतरते, गुडघे दुखायचे थांबतात. डब्यावर त्यातलं एक अक्षरही छापलेलं नव्हतं. माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह आहे. ते वाक्य मी एकाही गिऱ्हाइकाला बोलले नाही, पण बोलणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मला यात आणलं माझ्या मावसवहिनीनं. “अगं, नुसती चहाला ये,” म्हणाली. चहा झाल्यावर वही काढून तिनं गोल काढले: तू सहाजणींना जोड, त्या प्रत्येकी सहाजणींना जोडतील. मी बी.कॉम. आहे, तरी त्या दिवशी गुणाकार केला नाही. नंतर केला. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून लोकसंख्या होती पाच लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या बाळांसकट सगळ्या शहराला जोडलं तरी आठवी पायरी भरत नाही. खाली राहणार कोण, ते पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

जॉइन व्हायला पैसे घेतले नाहीत, हे खरं. तसे घेताच येत नाहीत. २८ डिसेंबर २०२१ला केंद्र सरकारनं डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले. त्यांत प्रवेश फी नाही, माणसं जोडण्यावर कमाई नाही, विकणाऱ्यानं आधी वेळ ठरवून आणि ओळखपत्र घेऊनच घरी जायचं, हे सगळं आहे. नियम चांगले आहेत. पण आमच्यात आयडी ‘चालू’ ठेवायला दर महिन्याला खरेदीवर मिळणारे ठरावीक पॉइंट लागायचे. क्लोजिंगच्या, म्हणजे महिन्याचा हिशेब बंद होण्याच्या, आदल्या रात्री अपलाइनचा, म्हणजे साखळीत माझ्या वर असलेल्या बाईचा, फोन यायचा, “थोड्याशासाठी लेव्हल घालवू नकोस.” मग मीच दोन डबे घ्यायची. फी नव्हती, पण महिन्याला पैसे जातच होते.

शिवणाची वही मी नेमानं ठेवते, तशी याचीही ठेवली होती. जूनमध्ये बेरीज केली. चौदा महिन्यांत मी माल घेतला ६८,४०० रुपयांचा. कंपनीशी संबंध नसलेल्या गिऱ्हाइकांनी त्यातला घेतला १४,९०० रुपयांचा, तोही बहुतेक जेलच. ३३,००० रुपयांचा आम्ही घरात वापरला. बाकीचा वाटला किंवा पडून राहिला. कमिशन आलं ९,१५० रुपये, त्यातले साडेसात हजार माझ्या खाली जोडलेल्या बायकांच्या खरेदीवरचे. आणि त्या बायकांच्या वह्या पाहिल्या असत्या तर त्यांतही हेच सापडलं असतं: क्लोजिंगच्या रात्री स्वतःच घेतलेले डबे.

त्यातल्या एक आमच्या गल्लीत पोळ्या लाटून देणाऱ्या मावशी. फॉल-पिकोला साडी घेऊन आल्या होत्या आणि मी त्यांना प्लॅन दाखवला. “ताई, तुम्ही सांगताय म्हणजे बरंच असेल,” एवढंच म्हणाल्या आणि भिशीचे ६,२०० रुपये घातले. त्यांचा पावडरीवर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. पाच महिन्यांनी त्यांच्या घरी गेले तर सगळे डबे फडताळात, सील न तोडलेले. त्यांच्या खरेदीवर मला मिळालेलं कमिशन होतं २४० रुपये.

याच सुमारास मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं १९७९ साली ॲमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीचा व्यवहार पिरॅमिड, म्हणजे नुसती माणसं जोडून पैसे काढणारी बेकायदा साखळी, नाही असा निकाल दिला. त्यात कंपनीचे नियम विचारात घेतले होते: न विकलेला माल परत घ्यायचा, घेतलेल्यातला ७० टक्के विकायचा, महिन्याला दहा वेगळी गिऱ्हाइकं दाखवायची. २०१६ साली त्याच संस्थेसोबतच्या तडजोडीत हर्बालाइफ या तशाच कंपनीला २० कोटी डॉलर भरावे लागले आणि मोबदला खऱ्या विक्रीशी बांधून घ्यावा लागला. हे वाचून मी दिवसभर वही उघडून बसले होते. माझ्या वहीत महिन्याला दहा सोडा, चौदा महिन्यांत मिळून बाहेरची गिऱ्हाइकं नऊ होती.

तरीही दुकानाशिवाय, ओळखीतून नीतीनं विकता येतं, असं मला वाटतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं एक काकू इचलकरंजीहून साड्या आणून हप्त्यानं विकतात. त्या नफा घेतात, आम्ही आनंदानं देतो. काकूंनी कधी कुणाला “तूही साड्या विक” म्हटलेलं नाही. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या पापडांचे पैसे मिळतात, दुसरी बहीण आणल्याचे नाही. एखाद्या डायरेक्ट सेलिंग कंपनीनं सभासदांच्या स्वतःच्या खरेदीवरचं कमिशन पूर्ण बंद केलं आणि फक्त बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या पावतीवर पैसे दिले, तर मी पुन्हा विकीन. जेल तर नक्की विकीन. पण मग तो गोलांचा प्लॅन कुणी दाखवणार नाही, कारण त्यात मोठं स्वप्न उरत नाही, महिन्याचे सात-आठशे रुपये उरतात. घरी शिवणाऱ्या बाईला तेही कमी नसतात, हे स्टेजवर कुणी सांगत नाही.

मालाला पाचपैकी तीन, त्यातल्या जेलला साडेचार. विकण्याच्या पद्धतीला शून्य.

मावशींचे डबे मी छापील किमतीला परत घेतले. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मग पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले. वहिनीला फोन करून आयडी बंद केल्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “माझेही अकरा डबे पडलेत गं.”