जुना बेस अँप्लिफायर विकत घेताना झालेली फसवणूक

बेस म्हणजे खर्जातले स्वर वाजवणारी गिटार; तिच्यासाठीचा वापरलेला अँप्लिफायर घेताना माझी जी फसवणूक झाली, तिच्यात नुसती नादुरुस्त वस्तू चांगली म्हणून गळ्यात मारलेली नव्हती. ती वस्तू ज्या परिस्थितीत चांगली वाजेल नेमकी तेवढीच परिस्थिती विक्रेत्याने माझ्यासमोर मांडली आणि तिचे खरे स्वरूप उघडे पडेल अशी प्रत्येक वाट त्याने आधीच बंद करून ठेवली होती. चांगले हेड (आवाज मोठा करणारे यंत्र) आणि चांगले कॅबिनेट (स्पीकरची पेटी) नवे घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे बेस वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण जुन्या साधनांवरच अवलंबून असतात. त्यांच्यापैकी आणखी कोणी याच रीतीने नागवले जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरातीत ट्रान्झिस्टरवर चालणारे, ४ ओहमच्या भाराला (म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाला) ३०० वॉट देणारे हेड आणि दहा इंची चार स्पीकर असलेले बंद कॅबिनेट अशी जोडी होती. ‘घरच्या सरावापुरती वापरलेली, कधीही न उघडलेली’ असे तिचे वर्णन होते. मी संदेश पाठवून विचारले की हेडची कधी दुरुस्ती झाली आहे का, चारही स्पीकर मूळचेच आहेत का आणि खरेदीची पावती उपलब्ध आहे का. यांपैकी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर आले नाही. प्रत्येक संदेशानंतर विक्रेत्याचा फोन यायचा आणि फोनवर तो अतिशय मोकळेपणाने, संगीताविषयी जिव्हाळ्याने बोलायचा. मी लेखी उत्तराची पुन्हा विनंती केली, तेव्हा ‘प्रत्यक्ष भेटलो की सगळे दाखवतोच’ एवढेच त्याने लिहिले. लिहिलेले मागाहून नाकारता येत नाही आणि बोललेले सहज नाकारता येते, हे तो पक्के जाणून होता.

मी पोहोचलो तेव्हा हेड बंद आणि पूर्ण थंड होते. त्याने ते माझ्यासमोर सुरू केले, स्वतःचा बेस लावला आणि सर्वांत बारीक तारेवर, बाराव्या फ्रेटच्या (बेसच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास, अंगठ्याने ठोके देत आणि तारा खेचत उत्तम वाजवून दाखवले. तो खरोखरच चांगला वादक होता. आवाज स्वच्छ, धारदार आणि खोलीभर पसरणारा वाटत होता. व्हॉल्यूमचे बटण मात्र त्याने फारसे वर नेले नाही, कारण शेजाऱ्यांची तक्रार येते असे त्याचे म्हणणे होते. बेस माझ्या हातात आल्यावर थोड्याच वेळात त्याला फोन आला आणि दुसरा एक ग्राहक निघाला आहे असे त्याने मला सांगितले. स्पीकरवरची जाळी काढून पाहू का, असे मी विचारले, तर स्क्रू गंजले आहेत आणि जोर लावला तर जाळी वाकेल, असे उत्तर मिळाले. व्यवहार त्याच बैठकीत पुरा झाला.

या प्रात्यक्षिकातली प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक ठरवलेली होती, हे समजण्यासाठी बेसच्या आवाजाचे थोडे गणित पाहावे लागते. चार तारांच्या बेसवर सर्वांत जाड मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपने) वाजते आणि पाच तारांच्या बेसवरची खालची तार सुमारे ३१ हर्ट्झला. सर्वांत बारीक तार मोकळी असताना ९८ हर्ट्झला आणि बाराव्या फ्रेटवर १९६ हर्ट्झला वाजते. बंद कॅबिनेटमध्ये आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा तो १९६ हर्ट्झचा स्वर आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा ४९ हर्ट्झचा स्वर तेवढ्याच जोराने निघावा असे वाटत असेल, तर पडद्याची हालचाल सोळापट व्हावी लागते. जो स्पीकर वरच्या स्वरांत झकास वाजतो तो खर्जात पूर्ण निकामी असू शकतो, आणि वरच्या सप्तकात रमलेल्या ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

घरी आणल्यावर हळू आवाजात वाजवताना काहीच वावगे जाणवले नाही. मग ती जोडी ड्रमसोबतच्या सरावाला नेली. अर्ध्या तासाच्या आत खर्जातले स्वर फाटू लागले, आवाज घुसमटल्यासारखा झाला आणि हेडचे झाकण हात ठेवता येणार नाही इतके तापले. मी स्विचकडे हात नेतो तोच मोठा ‘धप्प’ असा आवाज आला, पाठोपाठ खोल गुरगुर सुरू झाली आणि कॅबिनेटमधून जळाल्याचा वास आला. नंतर फ्यूज उडाला, पण तोवर नुकसान होऊन गेले होते.

हेड एका अनुभवी तंत्रज्ञाने माझ्यासमोर उघडले. उष्णता बाहेर टाकण्यासाठी जी अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर पॉवर ट्रान्झिस्टरच्या चार जोड्यांची जागा होती आणि त्यांतल्या दोन जोड्यांच्या जागा रिकाम्या होत्या. तिथे पांढऱ्या पेस्टचे ठसे आणि स्क्रूची भोके तेवढी उरली होती. आधी कधीतरी जळालेले ट्रान्झिस्टर बदलण्याऐवजी ते नुसते काढून टाकले होते आणि उरलेल्या दोन जोड्यांवर सगळा भार सोपवला होता. यंत्र प्रमाणाबाहेर तापले की ते बंद करणाऱ्या थर्मल स्विचच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकलेल्या होत्या. स्पीकरला वाचवणाऱ्या रिलेवरून (बिघाड होताच स्पीकर आपोआप तोडणाऱ्या स्विचवरून) तांब्याच्या तारेचा तुकडा सोल्डर केलेला होता, म्हणजे बिघाड झाला तरी रिलेला स्पीकर तोडता येऊ नये अशी ती व्यवस्था होती. आणि फ्यूज, मागच्या पत्र्यावर छापलेल्या मूल्यापेक्षा बराच मोठा बसवलेला होता.

या चार गोष्टी एकत्र पाहिल्या की हेतूबद्दल शंका उरत नाही. ४ ओहमला ३०० वॉट द्यायचे तर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो आणि क्षणिक शिखरावर तो १२ अँपिअरच्याही वर जातो. खोलीत हळू वाजवताना साधारण एक वॉट पुरतो, आणि त्यासाठी जेमतेम अर्धा अँपिअर लागतो. अर्धा अँपिअर दोन जोड्या सहज देतात. पूर्ण भार आला की त्याच जोड्या दुप्पट ओझ्याखाली तापतात. ताप वाढला की थर्मल स्विचने यंत्र बंद करायला हवे होते, पण तसे झाले असते तर दोष दुसऱ्याच दिवशी उघड झाला असता, म्हणून स्विच निकामी केला. ट्रान्झिस्टर फुटला की सप्लायचे सगळे डीसी (एकाच दिशेचे) व्होल्टेज थेट स्पीकरवर येते. ते रोखणे हेच रिलेचे काम, आणि नेमका तोच बाद केलेला. माझ्या स्पीकरचे व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) याच कारणाने जळाले. एखाद्या अर्धवट कारागिराने केलेली दुरुस्ती समजून मी हे सोडून दिले असते, पण ज्याने थर्मल स्विचच्या तारा जोडल्या त्याला तो स्विच कशासाठी असतो हे नक्कीच ठाऊक होते.

कॅबिनेटची जाळी काढली तेव्हा स्क्रू गंजलेले नव्हते. चारांपैकी खालचे दोन स्पीकर मूळचे होते आणि वरचे दोन इलेक्ट्रिक गिटारचे होते. या कॅबिनेटमध्ये १६ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडलेले होते आणि त्यामुळे एकूण भार ४ ओहम होत होता. गिटारचे स्पीकरही १६ ओहमचे सहज मिळत असल्यामुळे मल्टिमीटर लावून पाहिले असते तरी आकडा बरोबरच आला असता. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे बेसच्या बरोबर एक सप्तक वर. तिच्यासाठी बनवलेल्या स्पीकरचा पडदा हलका असतो, त्याला फार मागेपुढे जाता येत नाही आणि त्याची वॉट सोसण्याची क्षमताही सहसा कमी असते. वरच्या मधल्या पट्टीत मात्र तो अधिक तीक्ष्ण वाजतो. त्या दिवशी मला जो धारदार आवाज आवडला होता तो याच दोन स्पीकरांचा होता, आणि ही गोष्ट मला आजही सर्वांत अधिक खुपते.

ट्रान्झिस्टरऐवजी व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या मोठ्या जुन्या संचांतही अशीच लपवाछपवी होऊ शकते. अँपेग कंपनीचा १९६९ साली आलेला ३०० वॉटचा एसव्हीटी हा हेड आणि त्याचे दहा इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट आजही लोक हौसेने शोधतात. त्या कॅबिनेटमध्ये ३२ ओहमचे आठ स्पीकर समांतर असतात आणि एकूण भार ४ ओहम भरतो. त्यांतला एक मेला तर भार सुमारे ४.६ ओहम होतो आणि बाकीचे सात इतक्या जोमाने वाजतात की कानाला फरक कळत नाही. प्रत्येक स्पीकरला कान लावून आणि पडद्याला बोट हलकेच टेकवून पाहिल्याशिवाय मेलेला स्पीकर सापडत नाही.

त्यामुळे जुना बेस अँप पाहायला जाणाऱ्यांनी स्वतःचा बेस आणि जोडणीच्या स्वतःच्या केबल बरोबर न्याव्यात आणि किमान अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवता येईल अशा जागीच भेट ठरवावी. जागा नाही असे विक्रेता म्हणाला, तर सरावाची खोली भाड्याने घेण्याचा खर्च स्वतः करावा, पण हा आग्रह सोडू नये. पोहोचताच हेडच्या झाकणाला हात लावून पाहावा. दोष तापल्यावर दिसणारा असेल तर ते थंड ठेवलेले असते, आणि सुरू होतानाच खरखरणारा असेल तर ते आधीच तापवून ठेवलेले असते. वाजवताना सर्वांत जाड तारेच्या पहिल्या पाच फ्रेटवरच मुख्यतः राहावे, लांब स्वर धरावेत आणि प्रत्येक स्वर संपेपर्यंत ऐकावा. स्पीकर बंद असताना पडदा दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबला आणि खरखर ऐकू आली, तर व्हॉइस कॉइल घासत आहे असे समजावे. कॅबिनेटच्या केबलला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली की सगळे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. एखादा उलट दिशेने गेला तर तो बदलताना किंवा जोडताना चुकलेला आहे, आणि तो इतरांचा खर्ज खाऊन टाकतो.

जाळी काढू न देणाऱ्या विक्रेत्याकडून कॅबिनेट मुळीच घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. जाळी निघाली की चारही स्पीकरांची चौकट, चुंबकाचा आकार आणि मागचे आकडे ताडून पाहता येतात. एमिनन्स कंपनीच्या जुन्या स्पीकरांवर ६७ या अंकांनी सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यापुढचे अंक उत्पादनाचे वर्ष व आठवडा सांगतात. एकाच कॅबिनेटमधल्या स्पीकरांचे हे अंक एकमेकांजवळचे असायला हवेत. ट्रान्झिस्टरच्या हेडची आणखी एक सोपी चाचणी म्हणजे आवाज शून्यावर ठेवून, स्पीकर न जोडता, आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजणे. काही मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नाही, व्होल्टमध्ये आकडा आला तर तिथून निघावे. व्हॉल्व्हचे हेड मात्र स्पीकरचा भार जोडल्याशिवाय कधीही सुरू करू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. फ्यूज बाहेर काढून त्यावरचा आकडा आणि पत्र्यावर छापलेला आकडा जुळतो का, एवढे पाहायला मिनिटभरही लागत नाही.

तंत्रज्ञाकडून मी छायाचित्रांसह लेखी अहवाल घेतला आणि तो विक्रेत्याला पाठवला. ‘माझ्याकडून नेले तेव्हा व्यवस्थित वाजत होते, तुमच्या हातून बिघडले असेल’ असे एका ओळीचे उत्तर आले आणि त्यानंतर त्याने संपर्क तोडला. वस्तू कधी उघडलेली नाही आणि स्पीकर मूळचे आहेत, हे सगळे तो फोनवर बोललेला होता. ‘कधीही न उघडलेली’ हे शब्द जाहिरातीत होते, पण ती तोवर काढून टाकलेली होती आणि तिचे चित्र माझ्याकडे नव्हते. म्हणून जाहिरात, क्रमांकाची पट्टी आणि विक्रेत्याची लेखी उत्तरे पैसे देण्यापूर्वीच जपून ठेवावीत. विक्रेता प्रश्नाचे उत्तर फोनवरच देत राहिला, तर त्याचे बोलणे आपणच संदेशात लिहून ‘हे बरोबर आहे ना’ असे विचारावे. प्रामाणिक माणूस ‘हो’ असे लिहायला कचरत नाही.

हेडमध्ये चारही जोड्या नव्याने बसवून, रिले आणि थर्मल स्विच पूर्ववत करून आणि योग्य क्षमतेचे स्पीकर घालून मी ती जोडी पुढे विकली. त्या वेळी विक्रेत्यालाही किती सावध राहावे लागते हे दिसले. वस्तू न पाहताच सौदा पक्का करणाऱ्या एकाने मागितलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम पाठवल्याचे चित्र धाडले आणि वरची रक्कम त्याच्या वाहतूकदाराला लगेच द्यावी असा तगादा लावला. माझ्या खात्यात काहीच जमा झालेले नव्हते, त्यामुळे तो व्यवहार तिथेच थांबवला. दुसरा धोका माल परत करण्याचा असतो. चांगला स्पीकर काढून त्या जागी मेलेला बसवायचा आणि ‘सदोष निघाले’ म्हणून कॅबिनेट परत द्यायचे, हाही प्रकार होतो. म्हणून मी चारही चुंबकांवर कायम शाईने खूण केली, क्रमांकांची छायाचित्रे काढली आणि काय जळाले होते, काय बदलले हे तंत्रज्ञाच्या अहवालासकट ग्राहकासमोर ठेवले. त्याने जाळी काढून सगळे ताडून पाहिले, अर्धा तास खर्जातच वाजवले आणि मग त्या नोंदीवर आम्ही दोघांनी सह्या केल्या.