ड्रॅगनफ्रूटवर कलम केलेला अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास: चारही ऋतूंनंतर

बिनकाट्यांचा चपटा गोळा, अंगभर पांढरे ठिपके, आणि माथ्यावर पिवळं, तळाशी लालबुंद फूल. हा निवडुंग मूळचा टेक्सासचं दक्षिण टोक आणि ईशान्य मेक्सिकोतला. आपल्याकडच्या नर्सरीत मिळतो तो बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या तिधारी खुंटावर (म्हणजे मुळं असलेल्या खालच्या भागावर) कलम केलेला. फुलं लवकर हवी असतील तर हेच घ्यावं. स्वतःच्या मुळांवर बियांपासून वाढणारं रोप फुलायला काही वर्षं लावतं. खुंट ५-७ सेंमीचाच निवडा, उंच असला तर गोळ्याच्या वजनाने कलंडतो.

घोळ होतो तो पाण्यात. गोळा रखरखीत माळावरचा, खुंट मात्र जंगलातला वेल. त्यामुळे पाणी खुंटाकडे बघून द्यायचं. मार्च ते मे आठवड्यातून एकदा, कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत. पावसाळ्यात आडोशाला ठेवून १२-१५ दिवसांनी, तेही माती आतपर्यंत सुकली असेल तरच. पुण्या-नाशिककडे रात्री पारा १० अंशांखाली गेला की आधी खुंट पिवळा पडतो. तेव्हा कुंडी घरात घ्या आणि पाणी तोडा. कोरड्या रोपाला एकदम भरपूर पाणी मिळालं तर गोळा उभा तडकतो. जखम भरते, व्रण जात नाही.

नर्सरीतलं कोकोपीट ठेवूच नका. मुळं झटकून ३-४ दिवस सावलीत सुकवा आणि ४ इंची मातीच्या कुंडीत लावा: २ भाग चाळलेली जाड वाळू, १ भाग विटेचे बारीक तुकडे, १ भाग कुजलेलं शेणखत. पहिलं पाणी आठवड्याने.

सकाळचं ४-५ तास ऊन पुरतं. एप्रिल-मेच्या दुपारी ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी हवीच, नाहीतर चट्टे कायमचे. फूल दुपारी उन्हातच उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. दिवस ढगाळ असेल तर कळी तशीच बसून राहते.

कलमाच्या सांध्यात पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) लपतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. खुंटाला फुटवे आले तर लगेच खुडा, ते गोळ्याचं अन्न खातात. काही वर्षांनी खुंट पोकळ होतोच. त्याआधी १ सेंमी खुंट ठेवून गोळा कापा, काप पूर्ण वाळू द्या आणि मुळं फुटण्यासाठी कोरड्या वाळूवर ठेवा.

बी धरायचं असेल तर दोन वेगळी, बियांपासूनची रोपं एकाच वेळी फुललेली लागतात; ब्रशने पराग फिरवा.