सात महिने मासळीचा अंदाज वापरून: सगळं बरं, पण ते सेकंद!

इन्कॉईस ही हैदराबादची सरकारी समुद्र-माहिती संस्था. मासळी कुठे मिळू शकेल हे सांगणारं तिचं पत्रक म्हणजे 'संभाव्य मासेमारी क्षेत्र', हे बोटवाल्यांना सांगायला नको. ऑगस्टात पावसाळी मासेमारीबंदी उठल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हर्णैहून वापरलं. माझं सगळं म्हणणं मात्र एकाच गोष्टीपाशी अडकलंय.

पत्रकात अक्षांश येतो '१७ ४५ १२' असा. अंश, मिनिट, सेकंद. भाच्याने फोनच्या नकाशात टाकला १७.४५१२. रेखांशाचंही तेच केलं. नकाशा दशांशात वाचतो, त्याला हवा होता १७.७५३३. नुसत्या अक्षांशातच ३३ किलोमीटरची चूक! बोट चालवणारा तांडेल दोनदा म्हणाला, "नाखवा, पत्रकातली खोली आन् हितली खोली जमत नाय." ऐकलं नाही. जाळं जवळजवळ रिकामं, डिझेल गेलं ते गेलंच.

मग बोटीवरच्या जीपीएसवर आलो. तो मिनिटांचे दशांश दाखवतो, म्हणजे १२ सेकंद तिथे .१२ नव्हे, .२० होतात. फरक दीडशे मीटरचा. मासळी काही खिळा ठोकून उभी नसते, हे मलाही कळतं. तरी डोक्यातून जाईना. शहरातला दुकानदार नुसतं सेटिंग बदलायचे ५०० रुपये मागत होता. अर्धा तास भांडून परत आलो. भाच्याला ते मेनूत दोन मिनिटांत सापडलं. तेवढी त्याची आधीची चूक माफ.

ढग असले की पत्रक नाही. उपग्रह पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघतो, ढगाआडचं त्याला दिसत नाही. सुरुवातीला यावरूनही चिडलो होतो. आता चिडत नाही, कारण माझं मतच बदललं: मासळीच्या जागेपेक्षा लाटा-वाऱ्याच्या अंदाजानेच माझे जास्त पैसे वाचले. न गेलेल्या फेरीचं डिझेल टाकीतच राहतं! बांगडा, तारलीवाल्यांनी जागेचं पत्रक जरूर बघावं. तळातल्या कोळंबीसाठी त्यावर विसंबू नये.

भाच्याने आणखी एक सांगितलं. समुद्रात आर्गो या अनेक देशांच्या प्रकल्पाचे तरंगक, म्हणजे तरंगती मापनयंत्रं, सोडलेत, ते दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलीपासून वर येत तापमान-क्षारता मोजतात, आणि कुठल्याही देशाने सोडलेला असो, माहिती सगळ्यांना फुकट. हैदराबादला तर हिंद महासागराकाठच्या देशांतली माणसं हे शिकायला येतात. आणि आमच्या बंदरात शेजारच्या बोटीला बांगडा कुठे लागला, हे सख्खा भाऊ सांगत नाही. मीही नाही सांगत.

तरी डिसेंबरात भाच्याने मच्छीमार सोसायटीत वही ठेवली: तारीख, पत्रकातली जागा, खरी जागा, खोली, किती पाट्या मासळी. तीन बोटी लिहितात. मी लिहितो, पण लिलाव उरकल्यावर. केबिनमध्ये ऑइलपेंटने रंगवून घेतलंय: 'सेकंद भागिले ६०'. पेंटरने १०० घेतले.